वजनाच्या ऑपरेशननंतर पोटाला पट्टा बांधायचा की नाही? ऐन मे महिन्यात नागपुरात!

रेशीमबागेची_रेवा

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या मोठ्या बहिणीचं वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन (जठर कापून लहान करतात ते) झालं, इथेच धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात, दुर्बिणीतून. पोटावर पाच छोटी भोकं आहेत, वर वॉटरप्रूफ पट्ट्या चिकटवल्यात, बाकी तब्येत बरी आहे. साखर तर लगेचच खाली यायला लागली, इन्सुलिनचा डोस डॉक्टरांनी बराच कमी केला. आता ताई घरी आलीये आणि घरात सकाळ संध्याकाळ एकच विषय, पोटाचा पट्टा.

आईचं म्हणणं, तुम्हा दोघींच्या बाळंतपणात मी सव्वा महिना पोट बांधलं म्हणून ते ठिकाणावर आलं, आता तर आतलं पोटच कापलंय मग घट्ट नको का बांधायला. ताईच्या सासूबाई पण आईच्याच बाजूने. जिजू म्हणतात डिस्चार्जच्या कागदावर पट्ट्याचं नाव पण नाही, विषय संपला. आणि खालच्या मेडिकलवाल्याने कोणी न मागता एक पट्टा पिशवीत टाकून बिल केलं, तो असा आहे की पाठीमागे उभ्या कडक पट्ट्या आहेत आणि पुढे वेल्क्रो. ताई तो लावून बसली की वरची कड बरगडीखाली रुतते, काढल्यावर तिथे लाल वळ उठलेला असतो, आणि काढला की म्हणते सगळं खाली ओघळल्यासारखं वाटतंय, उठायची भीती वाटते.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, बांधायचा का, किती घट्ट, किती वेळ, रात्री झोपताना ठेवायचा का आणि पाणी पिताना काय. बाहेर ४५ आहे, कूलरसमोर बसून पण घाम फुटतोय. आणि आईचा मुख्य मुद्दा, बांधलं तर नंतर कातडी लोंबणार नाही हे खरं आहे का?

अजनीचा_अभय

रेवाताई, माझं बायपास (हृदयाचं नाही, वजनाचंच, जठर लहान करून आतड्याला जोडतात ते) झालं त्याला आता बराच काळ झाला, पण पट्ट्याचं सगळं अजून लक्षात आहे, म्हणून लिहून राहिलो.

मले तर भल्ला आधार वाटला होता. आधार म्हणजे काय तर खोकला आला, शिंक आली, पलंगावरून उठायचं झालं, ऑटोतून खड्ड्यातून गेलो, त्या वेळी पोट धरून ठेवल्यासारखं वाटे. त्याने हिंमत येते आणि हिंमत आली की माणूस चालतो, आणि या ऑपरेशननंतर चालणं हेच खरं औषध आहे. मी वार्डातच पट्टा लावून कॉरिडॉरमध्ये चकरा मारायचो, घरी आल्यावर सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीतल्या गल्लीत. त्याच्यापुढे पट्ट्याचं काही काम नव्हतं. पलंगावर पडून राहायचं आणि पट्टा बांधून ठेवायचा, त्यात काही अर्थ नाही.

एक महत्त्वाचं. बसलं की पट्टा वर सरकतो आणि गोळा होऊन बरगडीखाली रुततो, तुमच्या ताईचं तेच होऊन राहिलं. मी बसताना वेल्क्रो सैल करायचो आणि उठायच्या आधी पुन्हा लावायचो. लावताना शक्यतो पाठीवर झोपून लावा, पोट तेव्हा सपाट पसरलेलं असतं आणि पट्टा बरोबर जागेवर बसतो. खालून वर लावत या, खालची बाजू थोडी जास्त, वरची सैल.

आणि पलंगावरून सरळ उठू देऊ नका बाप्पा! आधी गुडघे वाकवायचे, मग पूर्ण अंग एका कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि कोपराच्या जोरावर वर यायचं. हे जमलं की पट्ट्यावाचून पण उठता येतं.

पाणी पिताना माझं तर सैलच असे. आधीच पोट इवलंसं झालेलं, घोट घोट घ्यावं लागतं, त्यात बाहेरून आवळलं तर घशाशी येते.

फिजिओ_मृण्मयी

रेवा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जरीच्या पेशंटसोबत रोजचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण शेवटचा शब्द ताईच्या सर्जनचा, त्यांना फोन करून नक्की विचार, कारण आत काय केलं ते त्यांनाच माहीत.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये भोकं साधारण ५ ते १५ मिलिमीटरची असतात. पोटाचा मोठा चिरा दिलेला नसतो म्हणून खूप सर्जन पट्टा लिहूनच देत नाहीत, आणि त्यात काही चुकीचं नाही. काही जण देतात ते आरामासाठी. मोठा चिरा दिलेल्या पेशंटमध्ये पट्टा बांधला तर दुखणं थोडं कमी होतं आणि चालणं जास्त जमतं असं अभ्यासात दिसलंय, नीट मापाच्या पट्ट्याने श्वासाच्या क्षमतेवर फार फरक पडत नाही हेही दिसलंय. म्हणजे तुझ्या ताईला लावून बरं वाटतंय आणि ती उठून चालतेय तर लावू दे, बरं वाटत नसेल तर नाही लावला तरी तिचं काही बिघडत नाही. तुझी आई आणि जिजू दोघंही टोकाचं बोलतायत.

आता घट्ट किती? लावल्यावर पट्टा आणि अंगाच्या मधे हाताची दोन बोटं सहज सरकली पाहिजेत आणि पूर्ण खोल श्वास घेता आला पाहिजे. हे दुसरं मी जास्त बघते. हॉस्पिटलमधून ते तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल ना, ते फुंकायचं नसतं, तोंडाने आत ओढायचं असतं, निम्मे पेशंट घरी जाऊन फुंकत बसतात! ते करताना पट्टा काढायचा किंवा एकदम सैल करायचा. पोट आवळलेलं असलं की माणूस वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, मग कफ साचतो आणि ताप येतो. जड शरीराच्या पेशंटमध्ये ही भीती आधीच जास्त असते.

स्लीव्हवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्लीव्हमध्ये जठराचा जवळपास ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. तिच्यात आतला दाब जास्त असतो म्हणून छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हा त्रास स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना होतो. बाहेरून घट्ट पट्टा म्हणजे त्यात भर. म्हणून घोट घेताना आणि त्यानंतर अर्धा तास तरी पट्टा नको. रात्री झोपताना पण नको, सर्जननी मुद्दाम सांगितलं असेल तरच. पोट फार आवळलं तर पायांकडून वर येणाऱ्या रक्ताला पण अडथळा होतो, आणि आपल्याला तर पायात गुठळी होऊ द्यायची नाहीये, त्यासाठीच ती पोटातली इंजेक्शनं आणि चालणं असतं. पट्टा गुठळी थांबवत नाही, त्यासाठी पायात घालतात ते लांब घट्ट मोजे वेगळे, त्यांची आणि पट्ट्याची गल्लत करू नका कोणी.

खोकला येईल तेव्हा पट्टा नसेल तर एक छोटी घट्ट उशी पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मग खोकायचं. नागपूरच्या उन्हात मला स्वतःला ही उशी पट्ट्यापेक्षा बरी वाटते, काम तेच आणि घाम नाही.

कातडीचं उत्तर साफ नाही असंच आहे. किती वजन कमी होणार, वय काय, कातडी किती वर्षं ताणलेली होती, सिगरेट आहे का, यावर ते ठरतं. बाहेरून बांधून कातडी आवळत नाही.

कोराडीकर_काका

मृण्मयी मॅडमचं सगळं मान्य पण मी थोडा विरोध नोंदवतो. माझं अपेंडिक्स फुटलं होतं, पोट उघडून ऑपरेशन झालं, त्या काळी मला कोणी पट्ट्याचं बोललं नाही आणि पुढे त्याच टाक्याच्या जागी हर्निया झाला, परत ऑपरेशन, जाळी बसवली. तेव्हापासून माझ्या ओळखीत कोणाचंही पोटाचं काही झालं की मी सांगतो, बाबा रे पट्टा बांध. रेवा बेटा, तुझ्या आईचं ऐक, मोठी माणसं काहीतरी पाहूनच बोलतात.

फिजिओ_मृण्मयी

काका, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे आणि तुम्ही तळमळीने सांगताय ते दिसतंय. पण तुमचं पोट फुटलेल्या अपेंडिक्ससाठी उघडलेलं, आत पू, अशा जखमेत हर्नियाची शक्यता मुळातच खूप वाढते, तो पट्टा न बांधल्यामुळे झाला असं म्हणता येत नाही. पट्ट्याने हर्निया टळतो हे आजवर नीट सिद्ध झालेलं नाही. दुर्बिणीच्या भोकातून पण हर्निया होऊ शकतो, विशेषतः १० मिलिमीटरच्या वरच्या भोकातून आणि वजन जास्त असेल तर, पण तिथे आतला थर नीट शिवणं जास्त कामाचं.

मग घरी काय सांभाळायचं तर पहिले ४ ते ६ आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही. मी हे सांगते तेव्हा सगळे मान हलवतात आणि घरी गेल्यावर बाई कूलरमध्ये पाणी टाकायला भरलेली बादली उचलते! ती बादली १५ किलोच्या आसपास भरते. पाइप लावा, घरातल्या पोरांना लावा कामाला. बाकी खोकला अंगावर काढायचा नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही कारण कुंथण्याचा दाब कुठलाच पट्टा थांबवू शकत नाही, साखर ताब्यात ठेवायची आणि सिगरेट, खर्रा बंद म्हणजे बंद. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासवाल्यांना तर धूम्रपानाने जोडाच्या जागी अल्सर होतो.

स्वराली_मानेवाडा

माझ्या सासूबाईंचं झालं होतं असंच ऑपरेशन, तेही उन्हाळ्यातच, आणि पट्ट्याच्या खाली कातडीचं जे होतं त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी लिहिते.

वजन जास्त असलं की पोटाची घडी खाली पडते, त्या घडीत घाम साचतो, वर पट्टा, म्हणजे हवा लागायला जागाच नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला आणि सासूबाईंच्या घडीत आधी खाज, मग लाल चट्टे, मग कड्याला बारीक पुळ्या आणि वास. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं बुरशीचं इन्फेक्शन आहे, मलम दिलं आणि पट्ट्याच्या वेळा कमी करायला लावल्या. तेव्हापासून आम्ही असं करायला लागलो की आत नेहमी पातळ सुती बनियान, शिवण नसलेली असेल तर फारच उत्तम, आणि पट्टा त्याच्यावर, अंगावर डायरेक्ट कधीच नाही. दुपारी बारा ते पाच पट्टा बंदच, तेव्हा त्या आतल्या खोलीत मोकळ्या पडून राहायच्या. आंघोळीनंतर घडी उचलून मऊ कापडाने टिपून कोरडी करायची, घासायचं नाही, आणि पंख्यासमोर दोन मिनिटं तशीच ठेवायची. हे मी करायचे, त्यांना आधी संकोच वाटायचा, पण बाई आपल्या माणसाने नाही करायचं तर कोणी करायचं.

पावडर थापू नका, ती घामाने लगदा होऊन घडीत बसते. टाक्यांच्या भोकाजवळ तर नकोच नको.

आणि कूलरच्या भरवशावर राहू नका, दार खिडकी बंद करून कूलर लावला की खोली दमट होते आणि घाम वाळतच नाही, खिडकी उघडी पाहिजे.

पट्टे दोन घ्या. एक धुवायला, एक घालायला. धुताना वेल्क्रो आधी बंद करा नाहीतर त्याला धागे आणि केस अडकून तो दोन धुण्यात निकामी होतो. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. आपल्या इथलं ऊन इलॅस्टिक खाऊन टाकतं.

रेशीमबागेची_रेवा

किती छान सांगताय सगळे, मी आईला वाचून दाखवतेय, काकांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला! पण मला एक सांगा, आमच्याकडे जो आलाय तो पाठीमागे कडक पट्ट्यावाला, तो हाच का? आणि साइज कशी बघायची, खोक्यावर नुसतं एक्सएल लिहिलंय.

दवाबाजार_रोजचा

ताई, मी सर्जिकल सामानाच्या लाइनमध्ये आहे, गंजीपेठेत रोजचं जाणं येणं. तुमच्या वर्णनावरून तो कमरेचा बेल्ट आहे, कंबरदुखीवाल्यांना देतात तो. पाठीचा मणका ताठ राहावा म्हणून त्यात मागे पट्ट्या असतात. पोटाच्या ऑपरेशनसाठी तो नाही. तुम्हाला पाहिजे तो पोटाचा बेल्ट, त्याला ॲब्डॉमिनल बाइंडर म्हणून मागा, तो पूर्ण इलॅस्टिकचा असतो, आडवे तीन किंवा चार पट्टे एकमेकांना शिवलेले, पुढे रुंद वेल्क्रो, मागे काही कडक नाही. पट्टे तीनवाला म्हणजे साधारण ९ इंच उंच, चारवाला १२ इंच. तुमच्या ताईची उंची कमी असेल तर ९ वालाच घ्या, १२ वाला बसताना वर छातीत आणि खाली मांडीत दोन्हीकडे टोचते.

माप एक्सएल-डबल एक्सएल असं विचारून घेऊ नका, प्रत्येक कंपनीचं वेगळं असते. टेप घ्या, बेंबीच्या लेव्हलला पोटाचा घेर मोजा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, आणि खोक्यावर सेंटिमीटर किंवा इंच दिलेले असतात त्याच्याशी जुळवा. दोन साइजच्या मधात आला तर मोठा घ्या. वेल्क्रो एकमेकांवर चांगला तळहाताएवढा चढला पाहिजे, टोकाला टोक लागत असेल तर तो लहान आहे. तुमच्या पेशंटचं वजन तर आता भराभर उतरणार, म्हणजे घेतलेला बेल्ट काही आठवड्यांत ढगळ होईल, म्हणून महागडा घ्यायच्या भानगडीत पडू नका. मधात पोकळ्या ठेवून ओढून घट्ट केला की तो घड्या पडून कापतो.

पोटातलं पाणी बाहेर काढायची नळी म्हणजे ड्रेन असेल तर ती बेल्टखाली दबता कामा नये, हे पण सांगून ठेवतो.

आणि हात जोडून सांगतो, तो काळ्या रबरासारखा घाम काढणारा स्लिमिंग बेल्ट अजिबात घेऊ नका. ऑनलाइन तोच पहिले दिसते. त्याने चरबी कमी होत नाही, पाणी जाते अंगातलं.

फिजिओ_मृण्मयी

दवाबाजार दादा, शेवटचं वाक्य सोन्यासारखं लिहिलंत! स्लीव्हच्या पेशंटला पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं त्यात शरीरातलं पाणी कमी होणं हे एक मोठं कारण असतं. एका वेळी जेमतेम ३० मिली जातं, दिवसभरात दीड ते दोन लिटर गाठायचं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात घामानेच किती जातं. त्यात पट्ट्याने अंग तापतं. रेवा, ताईची लघवी गडद पिवळी होतेय का, उठल्यावर डोळ्यासमोर अंधारी येतेय का याच्याकडे लक्ष ठेव, तसं असेल तर पट्टा काढून ठेवा आणि घोट वाढवा, तरी फरक नाही तर हॉस्पिटलला कळवा.

अजनीचा_अभय

पाण्याचं अगदी बरोबर. मी छोटी स्टीलची वाटी ठेवली होती, मोबाइलवर गजर, गजर वाजला की वाटी संपवायची. पाणी, पातळ ताक, नारळपाणी, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी गाळून, असं आलटून पालटून. घरात तर्री पोह्याचा वास सुटला की जीव कासावीस होते पण ते दिवस निघून जातात.

वर्धमाननगर_नवीन

मधेच विचारतो, माफ करा. माझ्या भावाचं परवा झालं, त्याचा डावा खांदा फार दुखतोय, पोटाला पट्टा आहे, पट्ट्यामुळे असेल का? सैल करू का?

फिजिओ_मृण्मयी

दादा, पट्टा सैल करा पण तेवढ्यावर थांबू नका. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्याने खांदा दुखतो, ते खूप जणांना होतं आणि चालल्याने दोन-चार दिवसांत जातं. पण खांदेदुखीसोबत नाडी १२० च्या वर असेल, ताप असेल, पोट दुखणं वाढतच चाललं असेल, दम लागत असेल किंवा त्याला फार अस्वस्थ वाटत असेल, तर आतल्या टाक्यांतून गळती तर नाही ना हे डॉक्टरांनी तातडीने बघायला हवं. आत्ताच नाडी मोजा आणि हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करा, इथे उत्तराची वाट पाहू नका. एका पोटरीला सूज आणि दुखणं, घोटभर पाणीही न टिकणं, भोकातून पू, यालाही उशीर करायचा नसतो.

आणि सगळ्यांसाठी, दुखतंय म्हणून पट्टा आणखी आवळला असं कोणी करू नका. दुखणं वाढलं की पट्टा काढून पोट बघायचं.

वर्धमाननगर_नवीन

नाडी ९० आली, ताप नाही, फोनवर ड्युटी डॉक्टरांशी बोललो, ते म्हणाले गॅसचं आहे, चालवा, तरी सकाळी दाखवायला या. खूप आभार मॅडम.

प्रतापनगरची_शमा

आता मी लिहिते कारण आईंच्या कातडीच्या प्रश्नाचं पुढचं उत्तर माझ्याकडे आहे. माझं वजन खूप उतरलं आणि पोटाची कातडी लोंबायला लागली, घडीखाली सारखं खाजायचं, चालताना ती हलायची. पट्टे, पोटाला बसणारे टाइट कपडे, तेल, सगळं झालं. शेवटी प्लास्टिक सर्जनकडे गेले. ते म्हणाले वजन एका जागी स्थिर होऊ द्या, ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्या, मगच कातडी काढू. आणि आधी रक्त तपासून प्रोटीन, लोह, बी-१२ भरून घ्यायला लावलं, कारण अंगात ताकद नसेल तर एवढी लांब जखम भरणार कशी.

त्या ऑपरेशननंतर मात्र पट्टा हा उपचारच होता. एका बाजूच्या कमरेपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके, दोन नळ्या, आणि डॉक्टरांनी मापाचा प्रेशर गारमेंट, म्हणजे पोटावर दाब देणारा घट्ट कपडा, दिला तो दिवसरात्र, आंघोळीपुरता काढायचा, साधारण ६ आठवडे. तिथे कातडी आणि आतला थर एकमेकांना चिकटून बसावा, मधे पाणी साचू नये, सूज कमी राहावी यासाठी तो असतो. म्हणजे बघा, एकच माणूस, पहिल्या ऑपरेशनला पट्टा आपल्या मर्जीचा आणि दुसऱ्याला सक्तीचा. लोक या दोन्हीचं ऐकीव एकत्र करतात आणि मग घराघरात भांडणं होतात.

मी ते ऑपरेशन डिसेंबरात करून घेतलं. कोणी कातडीच्या ऑपरेशनचा विचार करत असेल तर नागपूरकरांनो हिवाळाच निवडा.

रेवा, ताईला माझा निरोप दे, कातडी लोंबेल की नाही याची काळजी आत्ता नको. आत्ता रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन कसं जाईल ते बघायचं आणि चालायचं. मला तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले तेव्हा वाटलं संपलं सगळं, तेही परत आले.

कोराडीकर_काका

शमाताई, तुमचं वाचून मला फरक कळला, मोठा चिरा वेगळा आणि ही भोकं वेगळी. तरी मृण्मयी मॅडम, माझ्यासारख्या जाळी बसवलेल्याने भाजीची पिशवी उचलताना पट्टा लावावा का?

फिजिओ_मृण्मयी

काका, तुमच्या जाळीला किती वर्षं झाली, आता तिथे फुगवटा येतो का, हे सर्जनला दाखवून घ्या, मी न बघता सांगणार नाही. पण रोजच्या रोज, वर्षानुवर्षं पट्टा लावून ठेवू नका. जड असेल तर दोन पिशव्या करा आणि दोन हातात घ्या.

रेशीमबागेची_रेवा

आज फॉलोअपला गेलो होतो, सगळ्यांना सांगायचं म्हणून आल्या आल्या लिहितेय. सर्जन म्हणाले पट्टा मी लिहून देत नाही कारण गरज नसते, पण हिला लावून चालायला बरं वाटत असेल तर पहिले दोन आठवडे, फक्त चालताना आणि गाडीत, लावू शकता, झोपताना आणि पिताना नाही. कमरेचा बेल्ट बघून ते म्हणाले हा काढून ठेवा. बरगडीखालचा वळ बघितला, त्याच्याच थोडं खाली एक भोक आहे, त्यावरची पट्टी घासून सुटायला आली होती ती बदलून दिली.

आईने तिथेच विचारलं, डॉक्टरसाहेब बाळंतिणीचं बांधतात मग हिचं का नाही. ते जराही न हसता नीट बसून बोलले, म्हणाले आजी, बाळंतिणीला पण बांधून पोट आत जात नाही, वाढलेली पिशवी आपोआप लहान होते आणि स्नायू हळूहळू जागेवर येतात, बांधल्याने कंबरेला आधार वाटतो एवढंच, आणि हिच्या तर पोटाची नळी आत्ता ताजी शिवलेली आहे, तिला बाहेरून दाबून आपल्याला काय मिळणार. आईला हे पटलं. बाहेर आल्यावर म्हणाली की मला फक्त एवढंच वाटत होतं की हिच्यासाठी कोणी काही करत नाहीये. मला खूप भरून आलं हो ते ऐकून. ऑपरेशनच्या घरात प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम पाहिजे असतं, आणि आमच्या घरात पट्टा तेवढंच एक काम आईला दिसत होतं. मग जिजूंनी तिला वरणाचं पाणी आणि वाट्यांचं वेळापत्रक देऊन टाकलं, आता ती घड्याळ बघून ताईमागे वाटी घेऊन फिरतेय. ताईचं पाणी आज पहिल्यांदा पूर्ण गेलं.

उशीची आयडिया ताईला फार आवडली, दिवाणावरची छोटी लोड कायम तिच्या शेजारी असते. ९ इंचवाला पोटाचा बेल्ट मागवलाय. बादली तर कोणी उचलतच नाहीये, कूलरला पाइप जोडला. काका, तुमचे पण आभार, तुम्ही होता म्हणून आईने बाकीचं सगळं ऐकून घेतलं.

एकच राहिलं, तो कमरेचा बेल्ट मेडिकलवाला परत घेईल का?

दवाबाजार_रोजचा

अंगाला लागलेला बेल्ट कोणी परत घेत नाही ताई, आणि घेऊ पण नये, पुढच्या पेशंटच्या दृष्टीने ते बरोबर नाही. पण बिल दाखवून एवढं जरूर सांगा की पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटला हा दिला गेला. धुऊन ठेवा, घरात कोणाला ऑर्थोच्या डॉक्टरांनी कमरेसाठी लिहून दिला तर कामात येईल, माप जुळलं तरच. नवीन आला की आधी बनियानवर लावून ताईंना घरातल्या घरात थोडं चालवून पाहा, सील आणि खोका तोवर फेकू नका, साइज चुकला तर बदलून मागता येईल.

स्वराली_मानेवाडा

आणि रेवा, घडीतली कातडी रोज बघ बरं का, चट्टा दिसला की लगेच दाखव, पावसाळा लागला की आणखी दमट होतं.